तापीकाठचा पाऊस आणि समुद्रावरची नजर

 

आजचा विषय आहे समुद्र, समुद्रावरचा बर्फ आणि त्यांच्यावर आकाशातून लक्ष ठेवणारे उपग्रह. काही जणी म्हणतील, आपल्या खान्देशात समुद्र कुठला? आपल्याकडे तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण ते जळगावहून रेल्वेनं सुमारे ३०० किलोमीटर. सुरतेला कामाला गेलेल्या आपल्या माणसांनी डुमसचा समुद्र पाहिला असेल. बाकीच्यांनी तो टीव्हीवरच पाहिलेला.

तरीही हा विषय आपल्या गटाचा आहे. मे महिना संपत आला की प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न फिरतो, "पानी कव्हय पडी?" त्याच बैठकीत बियाणं आणि खतासाठी अंतर्गत कर्जाची मागणी होते. पेरणी कधी करायची हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतात. पण बियाण्याचं कर्ज गटातून निघतं आणि ते आपल्या नावावर असतं. पेरलेलं उगवलं नाही, दुबार पेरणीची वेळ आली, तर हप्ता कुठून भरायचा ही काळजी आपल्यालाच असते. आणि ज्या पावसावर हे सगळं अवलंबून आहे, तो पाऊस समुद्रावर तयार होतो. म्हणून समुद्राची खबर कशी काढतात, ती आपल्यापर्यंत कशी येते आणि तिच्यावर कितपत विसंबायचं, हे आज समजून घेऊ.

दुरून जाणणं म्हणजे काय

या विद्येला मराठीत दूरसंवेदन म्हणतात. म्हणजे वस्तूला हात न लावता दुरून तिची माहिती काढणं. आपण हे रोज करतो. भाकरी टाकण्याआधी तवा तापला का, हे आपण बोट लावून पाहत नाही. हात थोडा वर धरतो, धग लागते, कळतं. शेताच्या बांधावरून पिकाचा रंग पाहून म्हणतो, याला खत कमी पडलंय. उपग्रह हेच करतो, फक्त खूप उंचावरून.

किती उंचावरून? समुद्रावर लक्ष ठेवणारा आपला ओशनसॅट उपग्रह सुमारे ७४० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो. जळगावहून रेल्वेनं मुंबईला जावं आणि तिथून परत चाळीसगावपर्यंत यावं, जवळजवळ तेवढं हे अंतर. ढगांचे जे फोटो आपण बातम्यांत पाहतो ते पाठवणारे इन्सॅट उपग्रह त्याहून खूप वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. ते पृथ्वीच्या वेगानंच फिरतात, म्हणून भारतावर एका जागी थांबल्यासारखे दिसतात आणि दिवसरात्र फोटो पाठवत राहतात.

उपग्रह नव्हते तेव्हा समुद्राची माहिती फक्त जहाजांतून मिळायची. जहाज जिथून जाईल तिथलंच पाणी मोजलं जायचं. या कामात आपल्या मराठी मुलीही पुढे होत्या. नागपूरच्या डॉ. अदिती पंत या समुद्रशास्त्रज्ञ १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता त्यांच्यासोबत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात, त्यांचा अभ्यास हा अदितीताईंचा विषय. तेव्हा जे काम पाण्याचे नमुने काढून व्हायचं, त्यातलं बरंचसं आता उपग्रह वरून करतो. पण नमुने घेणं थांबलेलं नाही. उपग्रहानं सांगितलेलं बरोबर आहे का, हे खाली जाऊन तपासावंच लागतं. गटाची वही आणि बँकेचं पासबुक आपण ताडून पाहतो, तसंच.

समुद्राच्या चार खबरा

उपग्रह समुद्राच्या मुख्य चार गोष्टी सांगतो.

पहिली, पाण्याचा ताप. तव्याची धग हाताला लागते तशी समुद्राची धग उपग्रहावरच्या यंत्राला लागते. तिला अवरक्त किरण म्हणतात. अडचण एवढीच की मध्ये ढग आले की ती धग वरपर्यंत पोचत नाही. म्हणून दुसरी यंत्रं सूक्ष्मलहरी टिपतात. या लहरी ढगांतून आरपार येतात. पण दोन्ही प्रकारांत कळतो तो वरच्या थराचा ताप. खाली पाणी किती खोलवर तापलंय, यासाठी जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाच्या सुमारे चार हजार तरंगत्या नळ्या सोडलेल्या आहेत. त्या दोन हजार मीटर खोल जातात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि आपली नोंद उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतात.

दुसरी, पाण्याचा रंग. जिथे त्या बारीक वनस्पती दाट असतात तिथे पाणी हिरवट दिसतं. तिथे खाद्य असतं, म्हणून मासे येतात. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे. ती रंग आणि ताप पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कोळी बांधवांना कळवते. कोकण किनाऱ्यावर हा सल्ला मराठीतून मिळतो. त्यामुळे मासे शोधत फिरण्यात जाणारं डिझेल वाचतं.

तिसरी, पाण्याची उंची. पूर्वी विहिरीत खडा टाकून 'डुबुक' आवाज यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खाली गेलं त्याचा अंदाज बांधायचे. उपग्रह वरून लहरींचा ठोका सोडतो आणि तो पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजतो. इतक्या उंचावरूनही दोन-चार सेंटीमीटरचा फरक पकडला जातो. आता उंचीचं काय एवढं? थर्मामीटरमधला पारा तापला की वर चढतो ना, तसं समुद्राचं पाणी तापलं की फुगतं. म्हणजे जिथे पाणी फुगलेलं, तिथे खाली उष्णता साठलेली असण्याची शक्यता जास्त. अमेरिका आणि फ्रान्सनं १९९२ मध्ये असा उपग्रह सोडला. भारत आणि फ्रान्सनं मिळून २०१३ मध्ये 'सरल' सोडला. या मोजणीतून कळलं की १९९३ पासून जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी दहा सेंटीमीटरच्या आसपास वाढली आहे.

चौथी, समुद्रावरचा वारा. हतनूरच्या धरणावर वाऱ्याची झुळूक आली की पाण्याच्या अंगावर शहारे येतात. जेवढा वारा जास्त, तेवढं पाणी खडबडीत. उपग्रह लहरी सोडून हा खडबडीतपणा मोजतो आणि त्यावरून वारा किती आणि कुठल्या दिशेनं वाहतोय ते काढतो. मान्सूनचे वारे अरबी समुद्रावर जोर धरताहेत की नाही, चक्रीवादळ कुठे गोल फिरायला लागलंय, हे यावरून कळतं.

भारत हे काम १९७९ च्या भास्कर उपग्रहापासून करतो आहे. खास समुद्रासाठीचा पहिला ओशनसॅट मे १९९९ मध्ये गेला, दुसरा सप्टेंबर २००९ मध्ये आणि तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ ला. वारा मोजणारा स्कॅटसॅट २०१६ मध्ये गेला. यातल्या बऱ्याच यंत्रांचं आणि माहितीचं काम आपल्या शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात चालतं.

समुद्रावरचा बर्फ

आता बर्फाकडे येऊ. पृथ्वीच्या उत्तर टोकाला समुद्र आहे आणि त्यावर बर्फ तरंगतो. दक्षिण टोकाला अंटार्क्टिका ही जमीन आहे. तिच्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे आणि तिच्याभोवतीचा समुद्रही हिवाळ्यात गोठतो. समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही, उणे १.८ च्या आसपास गोठतं.

हा तरंगता बर्फ आणि जमिनीवरचा बर्फ यांत फरक आहे. पुढच्या बैठकीत करून पाहा. दोन पेले घ्या. एका पेल्यात बर्फाचा मोठा खडा टाका आणि मग पाणी काठोकाठ भरा. दुसरा पेला पाण्यानं काठोकाठ भरा, त्यावर चहाची गाळणी ठेवा आणि गाळणीत बर्फ ठेवा. बर्फ वितळू द्या. पहिल्या पेल्यातलं पाणी सांडत नाही, दुसऱ्यातलं सांडतं. म्हणजे समुद्रात तरंगणारा बर्फ वितळल्यानं पातळी जवळजवळ वाढत नाही, जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला की वाढते.

मग तरंगत्या बर्फाची काळजी कशाला? त्याच्या पांढऱ्या रंगासाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पत्र्यावर पांढरा चुना मारला तर घर थोडं थंड राहतं, कारण पांढरा रंग ऊन परत फेकतो. समुद्रावरचा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातला ५० ते ७० टक्के भाग परत पाठवतो. उघडं पाणी जेमतेम ६ टक्के परत पाठवतं, बाकी सगळं पिऊन टाकतं. म्हणजे बर्फ कमी झाला की पाणी जास्त तापतं, आणि पाणी जास्त तापलं की आणखी बर्फ जातो. पृथ्वीच्या छपरावरचा चुना उडत चालल्यासारखं हे आहे.

हा बर्फ मोजायचा कसा? तिथे हिवाळ्यात अनेक आठवडे, काही ठिकाणी तर महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. उन्हाळ्यात ढग असतात. साध्या कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. इथे सूक्ष्मलहरी कामाला येतात. बर्फ आणि पाणी या दोघांतून या लहरी वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर पडतात, अंधारातसुद्धा. उपग्रह समुद्राचे चौकोन पाडतो, आपण ठिपक्यांची रांगोळी काढताना कागदावर ठिपके मांडतो तसे. ज्या चौकोनात निदान १५ टक्के बर्फ आहे तो बर्फाचा धरायचा. मग सगळ्या चौकोनांची बेरीज करायची. १९७८-७९ पासून ही बेरीज सतत चालू आहे. आपल्या पहिल्या ओशनसॅटवरही असं यंत्र होतं आणि आपल्या शास्त्रज्ञांनी त्यावरून अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ मोजला होता. बर्फ किती जाड आहे, हे पाण्याच्या वर त्याचा किती भाग डोकावतोय ते मोजून काढतात.

बेरीज काय सांगते? उत्तरेकडे सप्टेंबरमध्ये बर्फ सर्वांत कमी असतो. १९८० च्या दशकात तो सप्टेंबरातही ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला. आपला सगळा भारत देश सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे भारतापेक्षा मोठा बर्फाचा पसारा त्या वर्षी गायब होता. दक्षिणेकडे बरीच वर्षं फारशी घट दिसत नव्हती. पण सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे तिथला हिवाळा संपताना, बर्फ १७० लाख चौरस किलोमीटरच्या आतच थांबला. तोपर्यंतच्या सर्वांत कमी नोंदीपेक्षाही तो सुमारे १० लाखांनी कमी होता. तीन महाराष्ट्र मावतील एवढी ही तूट.

भारताला या बर्फाशी थेट कामही आहे. अंटार्क्टिकावर आपली मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं आहेत. त्यांची व्यवस्था गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. माणसं आणि धान्य घेऊन जाणाऱ्या जहाजाला बर्फातून वाट काढावी लागते, आणि ती वाट दाखवायला उपग्रहाची चित्रं लागतात.

हे आपल्या शिवारात कसं येतं

आता तीन गोष्टी सांगतो, त्या तुम्हाला आठवत असतील.

पहिली, २०१९ ची दिवाळी. पावसाळा संपला म्हणून आपण ज्वारी, मका कापून ठेवलेला, कापूस वेचणीला आलेला. तेव्हा अरबी समुद्रात 'क्यार' नावाचं महाचक्रीवादळ उठलं आणि ते संपायच्या आत 'महा' नावाचं दुसरं उठलं. दोन्ही वादळं समुद्रातच फिरली, पण त्या दिवसांत महाराष्ट्रभर पाऊस झाला. कणसं काळी पडली, मक्याला कोंब फुटले, कापूस भिजला. वादळाला ताकद मिळते ती तापलेल्या पाण्यातून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या डॉ. मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या. २०२१ मध्ये त्यांनी मांडलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचं वाढतं तापमान हे त्यांनी त्यामागचं मोठं कारण सांगितलं आहे.

दुसरी, २०२३ चा पावसाळा. जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्रात 'बिपरजॉय' वादळ आलं. मान्सून केरळात ८ जूनला पोचला आणि मुंबईत थेट २५ जूनला. इकडे मृग कोरडा चालला होता. त्याच वर्षी प्रशांत महासागराचं पाणी, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, नेहमीपेक्षा जास्त तापलेलं होतं. याला एल निनो म्हणतात. तो असला की आपल्याकडचा पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. उपग्रहांना आणि समुद्रातल्या यंत्रांना तो आधीच दिसू लागला होता. पुढे ऑगस्टमध्ये देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट. पण प्रत्येक एल निनोत दुष्काळ पडतोच असं नाही. १९९७ साली फार जोराचा एल निनो होता, तरी देशात पाऊस चांगला झाला. आपला हिंद महासागर कुठल्या बाजूला जास्त तापलाय, यावरही बरंच अवलंबून असतं.

तिसरी, सप्टेंबरचा मुसळधार पाऊस. मूग-उडीद काढणीला, कपाशीला बोंडं, आणि तेव्हाच आभाळ फाटतं. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास मांडला. रशियाच्या उत्तरेला कारा नावाचा समुद्र आहे. तिथला उन्हाळ्यातला बर्फ कमी झाला की वरच्या हवेची घडी बदलते आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टी व्हायला मदत होऊ शकते, असं त्यांना दिसलं. ही शक्यता आहे, पक्का नियम नव्हे, असं ते स्वतःच म्हणतात. पण एवढ्या लांबच्या बर्फाचा आपल्या बोंडांशी संबंध असू शकतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

अंदाजावर किती विसंबायचं

आखाजीला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी होते. चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, असं धरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. लोक ते कान देऊन ऐकतात, कारण पुढचं चार महिन्यांचं चित्र सगळ्यांनाच हवं असतं. त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, भारतीय हवामान विभागही पावसाळ्याचा पहिला अंदाज सांगतो आणि मे अखेरीस तो सुधारून देतो. त्यात समुद्राचा ताप हा मोठा आधार असतो.

आपल्या मराठी माणसाचं यातही नाव आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी बसवलेल्या पद्धतीनं १९८८ पासून हा अंदाज निघू लागला. त्यात १६ गोष्टी पाहिल्या जायच्या. एल निनो त्यात होता, हिमालयावरचा बर्फही होता. बरीच वर्षं तो जमला. २००२ च्या दुष्काळाची चाहूल मात्र त्याला लागली नाही, मग पद्धत बदलली गेली. आता समुद्र, हवा आणि बर्फ यांची माहिती मोठ्या संगणकात घालून अंदाज काढतात.

हा अंदाज काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे २०२३ च्या आकड्यांतून नीट कळतं. त्या वर्षी हवामान विभागानं देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता. झाला ९४ टक्के. म्हणजे अंदाज जवळपास बरोबर आला. पण महिन्यांचा हिशेब असा: जून ९१ टक्के, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर पुन्हा ११३. वर्षाची बेरीज बसली, पण पिकाला ऑगस्टातही प्यायला लागतं. घरात महिन्याला दहा हजार येतात असं सांगितलं, पण मधले तीन आठवडे हातात पैसाच नसला, तर त्या बेरजेचा काय उपयोग? शिवाय हा आकडा पूर्ण देशाचा. त्यात अमळनेरचं शिवार वेगळं दिसत नाही, साक्रीचंही नाही.

म्हणून लक्षात ठेवा. उपग्रह समुद्र पाहून वर्षाचा कल सांगतो. वादळ येतंय का, पुढचे चार-पाच दिवस कसे जातील, हेही बऱ्यापैकी सांगतो. पण आपल्या वावरात ओल किती मुरली, हे आपल्यालाच मोजावं लागतं.

गटानं काय करावं

आम्ही गटांना चार गोष्टी सुचवतो.

एक, पाऊस मोजा. तोंडापासून बुडापर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ उभा डबा घ्या. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर आहे ते पाहा, लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. गावात प्रत्येक गटानं एक डबा ठेवला तर पूर्ण शिवाराचा अंदाज येतो.

दोन, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पहिल्या सरीला घरात पेरणीची घाई सुरू झाली की आपली वही पुढे करा. "आतापर्यंत ३८ झालाय" असा आकडा समोर असला की बोलायला जोर येतो.

तीन, बियाण्याचं कर्ज एकदम न देता दोन टप्प्यांत देण्याचा विचार करा. ज्या वर्षी एल निनोची बातमी आहे त्या वर्षी तर नक्कीच. थोडी रक्कम दुबार पेरणीसाठी किंवा ऑगस्टच्या खंडासाठी गटात राखून ठेवा. हा ठराव मे महिन्यातच करा, म्हणजे जूनमध्ये कुणावर अन्याय झाल्यासारखं वाटणार नाही.

चार, मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक निरोपावर विश्वास ठेवू नका. "अमक्या तारखेला महापूर" असा निरोप आला की दोन गोष्टी विचारा: हे कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं? हवामान विभागाचं नाव आणि ताजी तारीख नसेल तर पुढे पाठवू नका. मेघदूत अॅपवर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीतून शेतीचा हवामान सल्ला मिळतो. दामिनी अॅप जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर इशारा देतं. निंदणीला, वेचणीला गेलेल्या बायांच्या टोळीत निदान एकीच्या फोनमध्ये ते असावं. इशारा आला की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घराकडे निघायचं.

पाऊस मोजण्याची वही कर्जाच्या वहीशेजारीच ठेवा. पहिल्या पानावर गावाचं नाव, डबा कुठे बसवला ती जागा आणि नोंद ठेवणाऱ्या ताईचं नाव लिहा. ताई गावाला गेली तर त्या दिवशी कोण मोजणार, हेही आजच ठरवा. मृग लागायच्या आत डबा बसलेला असू द्या. ऑक्टोबरच्या बैठकीत आपण सगळ्या गावांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचू, आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्याच्या कर्जाचं बोलणं त्या आकड्यांवरूनच करू.

तोपर्यंत सगळ्या जणींना राम राम.